गाठ दुखत नाही, म्हणूनच दाखवा

“गाठ आहे मॅडम, पण दुखत नाही हो. म्हणून म्हटलं, लग्नसराई उरकली की बघू.” हे वाक्य मी दवाखान्यात इतक्या वेळा ऐकलंय की पुढचं मला पाठ झालंय. त्याच आठवड्यात पंचविशीतली एखादी मुलगी येते. पाळीच्या आधी दोन्ही छात्या ठणकतात, रात्रभर मोबाईलवर वाचून तिने स्वतःला कॅन्सर ठरवून टाकलेला असतो. पहिलीने घाई करायला हवी होती, दुसरीने शांत झोपायला हवं होतं. स्तनाच्या बाबतीत दुखण्याचा हिशेब बहुतेकींचा असा उलटा झालेला असतो. दुखतं त्याला घाबरतात, आणि न दुखणारी गाठ सहा-सहा महिने ब्लाउजखाली सांभाळतात.

आत काय आहे

बोटांना काय लागतंय ते कळण्यासाठी आतली रचना माहीत हवी. छातीच्या मोठ्या स्नायूवर, साधारण दुसऱ्या ते सहाव्या बरगडीपर्यंत स्तन बसलेला असतो. त्याच्या स्वतःच्या आत स्नायू नसतो, असते ती दुधाची ग्रंथी, चरबी आणि या सगळ्याला त्वचेपासून आतपर्यंत टांगून धरणारे चिवट धागे. त्या धाग्यांना कूपरचे बंध म्हणतात. त्यांचं नाव विसरलात तरी चालेल, काम विसरू नका. आतल्या गाठीने हे धागे आखडले की वरची त्वचा आत ओढली जाते आणि खळी पडते. वय, गरोदरपण आणि वजनातले चढउतार यांनी हेच धागे सैल होतात आणि स्तन ओघळतात. बोल मात्र अंगावर पाजण्याला लागतो, उगाचच.

ग्रंथी म्हणजे द्राक्षाचे घड समजा. दूध तयार करणाऱ्या बारीक पिशव्या हे मणी, आणि देठ म्हणजे नळ्या. पुस्तकात असे १५ ते २० घड सांगितलेले असतात, त्यांच्या नळ्या बोंडाशी येऊन उघडतात. बोंडाभोवतीच्या काळसर वर्तुळावर बारीक उंचवटे दिसतात, त्या तेलकट स्राव सोडणाऱ्या ग्रंथी आहेत. पुटकुळ्या समजून त्या फोडत बसू नका.

स्तन गोल असतो असं आपल्याला वाटतं, पण त्याला काखेकडे जाणारं एक शेपूट असतं. ग्रंथीचा सगळ्यात जास्त भाग वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात आणि या शेपटात असतो, म्हणून गाठीही तिथेच जास्त सापडतात. स्तनातल्या लसीकेचा, म्हणजे पेशींभोवती साचून परत रक्ताकडे जाणाऱ्या पाण्याचा, सुमारे तीन चतुर्थांश निचरा काखेतल्या लसीकाग्रंथींकडे होतो. तपासताना काख वगळली तर तपासणी अर्धीच झाली.

दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या नसतात, तसं कुणाचंच नसतं. काहींना काखेत वेगळा मऊ फुगवटा असतो. ती स्तनाचीच राहून गेलेली ग्रंथी, बाळंतपणानंतर ती दुधाने फुगते आणि घाबरवते. काखेपासून जांघेपर्यंतच्या रेषेवर एखादं जास्तीचं बोंडही असू शकतं. बरेच जण आयुष्यभर त्याला तीळच समजतात.

वय बदलतं, तसा स्तन

आठ ते तेरा वर्षांच्या दरम्यान मुलीच्या बोंडाखाली एक दुखरी, चकतीसारखी गाठ लागते. बऱ्याचदा ती आधी एकाच बाजूला येते. आई धास्तावून घेऊन येते. हा वयात येण्याचा पहिला कोंब. ही गाठ काढायची नाही आणि तिचा तुकडाही घ्यायचा नाही, कारण तीच निघाली तर त्या बाजूचा स्तन वाढणारच नाही. कुणी काढायचा सल्ला दिला तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

पुढे दर महिन्याला इस्ट्रोजेन हे हार्मोन नळ्यांना आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन पिशव्यांना जागं करतं. पाळीच्या आधीच्या आठवड्यात स्तन जड होतो, ठणकतो आणि हाताला पातळ कापडात बांधलेल्या भिजवलेल्या साबुदाण्यासारखा लागतो. ही खडबड म्हणजे गाठ नाही. सोनोग्राफीच्या कागदावर कधी ‘फायब्रोसिस्टिक’ असा भारदस्त शब्द येतो, तो बहुतेक वेळा याच बदलाला दिलेला असतो. पाळी गेल्यावर ग्रंथी आक्रसते आणि चरबी उरते. म्हणून साठीतल्या बाईला नवीन गाठ लागली तर ‘हार्मोनमुळे असेल’ म्हणून थांबायला जागा नाही.

दूध तयार करतं प्रोलॅक्टिन आणि पान्हा फोडतं ऑक्सिटोसिन, हीही हार्मोन्सच. बाळ ओढतं तेवढं पुढचं दूध तयार होतं, स्तन रिकामा झाला नाही तर उत्पादन घटतं. बाळ रडलं की पान्हा फुटतो आणि आई धसकली की आटल्यासारखा वाटतो, त्यामागेही हेच ऑक्सिटोसिन. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावावं, सहा महिने फक्त अंगावरचं दूध द्यावं आणि वरचं अन्न सुरू झाल्यावरही दोन वर्षं किंवा त्याहून पुढे पाजावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पहिलं घट्ट पिवळसर चिकाचं दूध टाकून देऊन मध चाटवायची रीत काही घरांत अजून आहे. त्या दोन-तीन चमच्यांत बाळाला आईकडून मिळणारी संरक्षक द्रव्यं असतात.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण हे प्रकरण मी स्वतः निस्तरलंय. आईच्या हार्मोन्समुळे नवजात बाळाचीही छाती, मुलगा असो की मुलगी, थोडी फुगते आणि कधी दुधासारखा थेंब येतो. मालीशवाली मावशी तो ‘वाईट असतो’ म्हणून रोज पिळून काढते. बारा दिवसांच्या एका बाळाच्या छातीवर लिंबाएवढं गळू घेऊन आजी माझ्याकडे आली होती. हात लावला नसता तर काही आठवड्यांत ती सूज आपोआप गेली असती.

घरच्या घरी: कधी, कुठे, कसं

पाळी सुरू झाल्यापासून सातव्या ते दहाव्या दिवसांत बघा, तेव्हा स्तन सगळ्यात मऊ असतो. पाळी गेली असेल तर महिन्याची एक ठरावीक तारीख धरा. माझ्या एका पेशंटने संकष्टी धरली आहे. चंद्रोदयाची वाट बघता बघता ती हे काम उरकते.

आधी नुसतं पाहा. कपाटाच्या मोठ्या आरशासमोर, उजेडात, कमरेपर्यंतचे कपडे काढून उभ्या राहा. हात खाली, मग हात डोक्यावर, मग दोन्ही हात कमरेवर घट्ट दाबून, आणि शेवटी पुढे वाकून. कमरेवर हात दाबले की छातीचा स्नायू ताठतो आणि एरवी न दिसणारी खळी उमटते. आकारात नवा फरक, कुठे त्वचा ओढलेली, संत्र्याच्या सालीसारखी भोकं-भोकं दिसणारी जाड त्वचा, आत वळलेलं बोंड, न भरणारी खपली. बोंड लहानपणापासून आत असेल तर काळजी नाही. पन्नाशीत अचानक आत गेलं तर आहे.

मग आडव्या व्हा. डावी बाजू तपासायची तर डाव्या खांद्याखाली चादरीची घडी ठेवा आणि डावा हात डोक्याखाली घ्या. उजव्या हाताची मधली तीन बोटं जुळवा, नखांची टोकं न टोचता पेरांचा मऊ भाग वापरा. रुपयाच्या नाण्याएवढी वर्तुळं काढत, एकाच जागी आधी हलका, मग मध्यम, मग बरगडी जाणवेपर्यंत दाब द्या. शेतात तास घालतात तशा उभ्या रेघा मारत जा, गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मधल्या हाडापासून काखेच्या मध्यापर्यंत. हात फिरवताना बोटं उचलू नका, नाहीतर मधली पट्टी सुटते. काख तपासताना मात्र हात खाली सैल सोडा. हात वर असला की काखेतला पडदा ताणला जातो आणि आतली गाठ सापडत नाही. बोट सरकत नसेल तर अंघोळीच्या वेळी साबण लावून करा.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे चिमटीत धरून बघणं. चिमटीत धरलं की निरोगी स्तनातही गाठच लागते. बोटांनी स्तन बरगड्यांवर सपाट दाबायचा. खालच्या घडीपाशी कडक कडा लागते, तीही नेहमीचीच. बोंड पिळून पाणी येतं का, हे दर महिन्याला बघायची गरज नाही. पिळत राहिलं की बऱ्याच जणींना थोडं येतं.

या तपासणीबद्दल खरं तेवढंच सांगते. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ बायकांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे अंतिम निष्कर्ष २००२ मध्ये आले. रीतसर शिकवूनही या स्वतपासणीने कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या, म्हणजे कॅन्सर नसलेल्या, गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) तेवढ्या वाढल्या. म्हणून हे कर्मकांड करू नका, एखादा महिना चुकला तर रुखरुख नको. आपला स्तन एरवी कसा असतो हे हाताला ठाऊक असलं की बदल झाल्यावर तो कळतो. एवढ्याचसाठी हे करायचं.

हाताला काय लागलं?

पंधरा ते पस्तीस वयातली, गुळगुळीत, गोल आणि बोटाखालून ओल्या रिठ्याच्या बीसारखी सटकणारी गाठ बहुधा फायब्रोॲडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली साधी गाठ, असते. सोनोग्राफीने खात्री झाली आणि वाढत नसेल तर ती काढायलाच हवी असं नाही. झपाट्याने वाढली तर मात्र काढून तपासतात. पस्तिशी ते पन्नाशीत अचानक आलेली, ताणलेल्या फुग्यासारखी गाठ पाण्याची असू शकते. सुईने पाणी ओढलं की बसते. छातीला मार लागल्यानंतर चरबीची कडक गाठ होते, ती तपासणीत कॅन्सरसारखीच भासते.

सुपारीच्या खांडासारखी कडक, कडा वेड्यावाकड्या, आजूबाजूला चिकटलेली आणि न दुखणारी गाठ सगळ्यात आधी दाखवायची. पण बोटांनी लावलेला अंदाज कुणाचाच शंभर टक्के नसतो, माझाही नाही. म्हणून नियम साधा ठेवा. तिशीच्या आतल्या मुलीने नवीन गाठीसाठी फार तर एक पाळी होऊन जाऊ द्यावी, तरीही राहिली तर दाखवावी. तिशीपुढे थांबू नये. पाळी गेलेल्या बाईने तर त्याच आठवड्यात यावं.

नुसतं दुखणं, गाठ नाही, दोन्ही बाजूंना आणि पाळीबरोबर कमी-जास्त होणारं: यात कॅन्सर क्वचितच निघतो. मापाची ब्रा घाला. अर्ध्याअधिक बायका चुकीच्या मापाची घालतात हे मी रोज बघते. लागलं तर पॅरासिटामॉल घ्या किंवा डायक्लोफिनॅकचं जेल लावा. इव्हनिंग प्रिमरोझच्या कॅप्सूल आपल्याकडे सर्रास लिहून देतात, त्यांचा उपयोग होतो याला भक्कम पुरावा नाही. एका बोटाने दाखवता येणारी, बरगडीच्या सांध्यावर दाबलं की कळवळायला लावणारी कळ बरगडीची असते, हंडे-बादल्या उचलणाऱ्यांना ती ओळखीची. चालताना किंवा जिना चढताना छातीवर दाब येऊन घाम फुटत असेल तर तो स्तनाचा विषय नाही, तातडीने ईसीजी काढा.

बोंडातून येणाऱ्या पाण्याबद्दल: दोन्ही बाजूंनी, पिळल्यावर, बऱ्याच छिद्रांतून पांढरट किंवा हिरवट येतं ते बहुधा निरुपद्रवी. दूध पाजत नसताना दुधासारखं येत असेल तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासतात. त्याआधी गोळ्यांची पाकिटं दाखवा. पित्तावर म्हणून घेतलेल्या गोळीत बऱ्याचदा डॉम्पेरिडोन मिसळलेलं असतं, त्याने प्रोलॅक्टिन वाढतं. काही मानसोपचाराच्या औषधांनीही वाढतं. एकाच बाजूच्या एकाच छिद्रातून, न पिळता, रक्ताळ किंवा पाण्यासारखं नितळ येऊन ब्लाउजला डाग पडत असेल तर तपासणी हवीच.

बाळंतिणीची भरलेली छाती

सुरुवात बहुतेक वेळा बाळाने बोंड नीट न पकडल्याने होते. तोंड जांभई दिल्यासारखं उघडं, हनुवटी स्तनाला टेकलेली, आणि नुसतं बोंड न धरता काळ्या वर्तुळाचा बराच भाग, खालच्या बाजूचा जास्त, तोंडात. असं असेल तर पाजताना दुखत नाही. दुखलं तर करंगळी बाळाच्या तोंडाच्या कडेने घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

एखादा भाग लाल, गरम, कडक आणि अंगात कणकण आली तर पाजणं बंद करू नका, ते दूध बाळाला चालतं. पूर्वी आम्हीही सांगायचो की गरम शेक घ्या आणि जोरात चोळून गाठी मोडा. आता तो सल्ला बदललाय. आतली सूज रगडून वाढते. बाळ मागेल तसं पाजा, जास्तीचं पंपाने उपसत बसू नका, पाजून झाल्यावर थंड पट्टी ठेवा. पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन बाळंतिणीला सहसा चालतं, दम्याचा किंवा अल्सरचा त्रास असेल तर आयब्युप्रोफेन विचारूनच घ्या. चोवीस तासांत उतार पडला नाही किंवा ताप चढला तर प्रतिजैविक लागतं. मऊ पडलेली, पू झाल्यासारखी गाठ असेल तर सोनोग्राफीखाली सुईने पू काढता येतो, दर वेळी मोठी चीर द्यावी लागत नाही.

पाजत नसलेल्या बाईची सूज प्रतिजैविकाने आठ-पंधरा दिवसांत उतरली नाही तर तुकडा तपासा. आपल्याकडे त्यात क्षयरोग निघतो, ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस नावाचा चिवट दाह निघतो, आणि सगळा स्तन लाल करणारा कॅन्सरही निघतो. प्रतिजैविकांचा तिसरा कोर्स लिहून मिळाला तर तुम्ही स्वतःच बायोप्सीचं विचारा.

पुरुषांनीही वाचावं

वयात येणाऱ्या मुलांच्या बोंडाखाली दुखरी चकती होते. पोहायला जायला लाजतात, पण घरी सांगत नाहीत. बहुतेकांची दोनेक वर्षांत जाते. मोठेपणी झाली तर औषधं, यकृताचा आजार किंवा जिममधली स्टेरॉइडं शोधावी लागतात. स्तनाच्या कॅन्सरच्या शंभर रुग्णांत जेमतेम एक पुरुष असतो. तो उशिरा येतो, कारण हे आपल्याला होऊ शकतं हेच त्याला माहीत नसतं.

दवाखान्यात काय होतं

तीन गोष्टी जुळवून निदान होतं: हाताने तपासणी, प्रतिमा आणि तुकडा. चाळिशीच्या आत सहसा सोनोग्राफी आधी, चाळिशीपुढे मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रेही. तरुण स्तन दाट असतो, मॅमोग्राफीत तो पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच, म्हणून ती त्यात लपते. रिपोर्टच्या तळाशी बायरॅड्स नावाचा आकडा असतो आणि तो वाचून घरोघरी रडारड होते. ० म्हणजे माहिती अपुरी, आणखी तपासणी करा. १ आणि २ ठीक. ३ म्हणजे जवळजवळ नक्की साधी, कॅन्सर निघण्याची शक्यता २ टक्क्यांपर्यंत, सहसा सहा महिन्यांनी पुन्हा बघतात. ४ म्हणजे बायोप्सी करा, आणि यात २ ते ९५ टक्के इतका मोठा पल्ला असतो, त्यामुळे ४ वाचून मृत्युपत्र लिहायला घेऊ नका. ५ म्हणजे दाट संशय. ६ म्हणजे निदान आधीच झालेलं.

बायोप्सी जाड सुईने, तेवढ्याच जागेला भूल देऊन, दहा-पंधरा मिनिटांत होते. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही अफवा. खरं नुकसान होतं ते निदानाशिवाय गाठ उचकटून काढण्याने. “छोटीशी आहे, काढून टाकू, मग तपासू” हा सल्ला मिळाला तर आधी सुईचा तुकडा मागा. नंतर कॅन्सर निघाला तर दुसरं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. लवकर आलेल्यांचा स्तन बहुतेकदा वाचवता येतो. फक्त गाठ काढून रेडिएशन दिलं तरी आयुष्याचा हिशेब पूर्ण स्तन काढण्याइतकाच राहतो. ‘छाती कापतील’ या भीतीने लपवलेली गाठच शेवटी पूर्ण स्तन काढायला लावते.

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कॅन्सर झाला. आमच्या घराण्यात कुणाला नव्हता, हे त्यांतल्या बहुतेकींचं वाक्य असतं. आई किंवा बहिणीला कमी वयात झाला असेल तर जनुकीय तपासणीचं जरूर विचारा, पण घरात कुणाला नव्हता म्हणून निर्धास्त होऊ नका. काळी ब्रा, डिओ आणि ब्लाउजमध्ये ठेवलेला मोबाईल यांची भीती सोडा. दारू आणि पाळी गेल्यानंतरचं वाढतं वजन खरोखर धोका वाढवतात, अंगावर पाजणं तो थोडा कमी करतं.

महाग यंत्र नाही म्हणून काहीच होत नाही, असंही नाही. टाटा मेमोरिअलच्या डॉक्टरांनी १९९८ पासून मुंबईतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायकांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी फक्त हाताने तपासत. २०२१ मध्ये निकाल आला: पन्नाशी ओलांडलेल्यांत या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी. तरुण बायकांत तेवढा फायदा दिसला नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीनंतर दर पाच वर्षांनी अशी तपासणी आहे, आशाताईंना विचारा.

मॅमोग्राफीला जायचं ठरलं तर तारीख पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यातली घ्या, त्या वेळी दाब कमी दुखतो. साडीपेक्षा वरचं वेगळं काढता येईल असं काहीतरी घाला. काखेत पावडर किंवा डिओ लावू नका, त्याचे कण फिल्मवर पांढरे ठिपके होऊन उमटतात आणि वाचणारा फसतो. प्रत्येक बाजूच्या दोन, अशा चार प्रतिमा घेतात आणि दर वेळी स्तन काही सेकंदच दाबलेला असतो. जुन्या फिल्म असतील तर त्या आधी पिशवीत टाका. दोन वर्षांपूर्वीचा तोच ठिपका तेवढाच आहे, एवढं दिसलं तर एक बायोप्सी वाचते.